उंबऱ्याबाहेरचा बंड्या

४ एप्रिल
सकाळी सातलाच गच्चीची फरशी चटके देते. बंड्या पत्र्याखाली पडून, जीभ बाहेर. अकरा वर्षांचा झाला, कुत्र्याला ते म्हातारपणच, मागचे पाय गेल्यातच जमा. अशोकला सांगायचं होतं, निदान दुपारचं तरी याला खाली... तो गाडी काढत होता. राहिलं. भाऊ धाकटा असला तरी घर त्याचं.

७ एप्रिल
कारखान्यातून दोन जाड टॉवेल आणले, डाग पडलेले. ओले करून बंड्याच्या पाठीवर घातले आणि कामाला गेले. टॉवेलच्या कडा शिवण्यात अर्धा जन्म गेला, एवढं तरी सुचलं म्हणून दिवसभर खूश.

९ एप्रिल
पाचला आले. सकाळी घातलेले टॉवेल अंगावर तसेच, हात घातला तर आत नुसती वाफ. बंड्याच्या तोंडाला फेस, डोळा उघडेना. शेजारच्या रशीदभाईंच्या रिक्षातून डॉक्टरकडे नेला.

डॉ. म्हणाले, "मावशी, हे कुणी घातलं? वरून ओलं टाकलं की आतली गरमी कोंडती. ओला टॉवेल खाली अंथरायचा. पोटाला, पायांना पाणी लावायचं, वारं लागू द्यायचं." सुई दिली. उठताना म्हणाले, "घरात घ्या, पंख्याखाली. गच्चीवर मे काढणार न्हाई हे."

कुणी घातलं ते सांगितलं नाही. मीच मारत होते त्याला, आणि वर माया करतेय असं समजत होते.

१० एप्रिल
आज बोलणारच होते. जेवताना तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "वन्सं, आमटी वाढू?" म्हटलं, वाढ. झालं बोलून.

१२ एप्रिल
बोलले. आधी ताट खाली ठेवलं.

अशोक म्हणाला, "आक्का, घरात देव हायेत. बाळ रांगतंय."
सुनंदा म्हणाली, "पयल्या दिवशीच ठरलं व्हतं की, वन्सं."

ठरलं होतं, खरंय. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून एक पेटी आणि बंड्या घेऊन आले, तेव्हा बंड्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, याला मीच मान हलवली होती. पण आज म्हटलं, मी या घरात कधी काय मागितलंय? हे एक मागते. नाही म्हणालात तर मी पण वरच राहीन. अशोकनं भात कालवायला घेतला.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "दुपारचं घ्या. दाराजवळ. मे सरंपर्यंत." तिच्याकडून अपेक्षा नव्हती. खोटं कशाला लिहू, भांडी घासताना रडले.

१३ एप्रिल
सुट्टी. एकेक पायरी धरून खाली आणला. दार उघडं, पंखा चालू. उंबऱ्याशी आला आणि बसला.
हाका मारल्या. भाकरी दाखवली. शेपूट हलवतो, पाय उचलत नाही.

मग आठवलं. आल्या आल्या तो पहिला आठवडा याच दारात मी केरसुणी घेऊन उभी असायची. पंजा आत आला की फटका. नाकावर. सुनंदानं कधी हात लावला नाही त्याला, मारलं ते मीच. आम्हां दोघांना कुणी बोलू नये म्हणून. चांगला शिकला.

१५ एप्रिल
अशोकनं आणि मी उचलून पंख्याखाली ठेवला. भीतीनं जागीच मुतला आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढत बाहेर गेला. सुनंदानं फरशी पुसली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल
खाणं कमी. पाणी हातानं पाजते. डॉ.ना फोन केला. म्हणाले, "आत न्या, सांगितलंय की मी." बरं म्हणून फोन ठेवला.

२० एप्रिल
पायरीवर बसून लिहितेय. ऊन इथवर आलंय. बंड्याच्या पोटाखाली ओला टॉवेल, या वेळी खाली. आधी मी तासभर आत बसून हाका मारल्या, मग बाहेर येऊन त्याच्याजवळ बसले. त्यानं हनुवटी उंबऱ्यावर टेकवलीय. त्याच्या पुढं नाही.

आतून सुनंदा आत्ताच म्हणाली, "वन्सं, पंखा नुसताच फिरतोय. दार लावून घेऊ का?"

डावा हात उंबऱ्यावर, त्याच्या हनुवटीशेजारी ठेवलाय.