बिनकामाचा बाक

ता. ९ मार्च

धाकटे,

आशीर्वाद. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझी तब्येत उत्तमच असणार, दुकान जोरात चालतंय म्हणे.

सात वर्षं तुला ओळ लिहिली नाही. आताही लिहिली नसती, पण वकिलाने भाग पाडलं. नाडी ओवायच्या माझ्या तारेची नोंदणी करायची आहे. बाजारात नकला सुटल्यात. हे होणार मला ठाऊकच होतं, म्हणून तारेच्या मधोमध मी मुद्दाम एक बाक देते. काडीच्या कामाचा नाही. नकला विकणाऱ्या त्या बटणवाल्या दुकानदाराने तोही जसाच्या तसा उचलला! वकील हसून हसून लाल. म्हणाला, "आजी, कोर्टात माझ्या जागी तुम्हीच उभ्या राहा."

तुझ्यावरही दावा लाव, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. सगळ्यांच्या आधी तुझ्यावर. गिऱ्हाइकं माझ्याच दारात उभी राहून सांगतात, धाकट्या बाईंची तार नेफ्यातून कशी सुळकन जाते. असल्यांना मी खुर्ची देत नाही.

मग नातीकडून तुझी एक तार आणवली. बाक नाही. तिला म्हटलं, "बघ, नक्कलसुद्धा धड जमली नाही." तर ती आगाऊ कार्टी म्हणते, "बाक नाही, म्हणजे धाकट्या आजीने तुझी बघून केलीच नाही."

दार लावून ओवून पाहिली. एका दमात गेली. डब्याच्या तळाशी टाकून दिलीये.

अर्जात एक रकाना आहे, ही वस्तू एकट्याने शोधली का? तीन दिवस तिथेच अडलेय. लहानपणी पहिल्या तारेसाठी आईची मोडकी छत्री मी सोडवली, तिची तार मी घासली. टोकाचा चिमटा मात्र तू दाताने वाकवलास आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. आईला सांगितलंस, जिन्यावरून पडले. मीही गप्प बसले ती आजवर. लोक "थोरलीचं डोकं भारी" म्हणायचे, ऐकायला बरं वाटायचं.

वकील पुरावा मागतोय. तो तुझ्या तोंडात आहे.

अर्ज सोबत पाठवतेय. सही कर. माझ्या नावाच्या खाली कर, वर नाही. आणि घेऊन तूच ये, टपालाने पाठवू नकोस. तुझ्या चिमट्यातून नाडी सुटत कशी नाही, तेही बघायचंय.

खुर्ची देईन.

तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, अर्जातही वरच राहणारी,
ताई