केसाचं वर्ष

सोमवार, २ मार्च
आज रुजू झाले! विद्यापीठाच्या कार्बन-मापन प्रयोगशाळेत. पहिलीनंतर घरीच आई-मावशीकडे शिकलेल्या मुलीला ही नोकरी. अजून खरं वाटत नाही. इथल्या मुख्य तंत्रज्ञांना सगळे दशांशकाका म्हणतात, कारण ते चहात साखरसुद्धा वजन करून घालतात. जुनं यंत्र काढून नवं बसवलंय. जुन्याची चूक पन्नास वर्षं इकडेतिकडे, नव्याची जेमतेम एक. त्यासाठी काकांनी सहा वर्षं वरिष्ठांचे उंबरे झिजवले.

गुरुवार, ५ मार्च
नव्या यंत्राची परीक्षा म्हणून प्रत्येकाचा एकेक केस घेतला. हवेतला कार्बन दरवर्षी थोडा बदलतो. जिवंत माणूस तो अन्नातून घेत राहतो, मेला की थांबतो. त्यामुळे आमच्या केसांनी चालू वर्षच दाखवायला हवं. काका म्हणाले, माझे चारच उरलेत, जपून उपटा.

मंगळवार, १० मार्च
सगळ्यांचे केस बरोबर आले. माझा अठरा वर्षं मागचा. काका हसले, बयो, कुणाच्या वेणीतला चोरलास? लाजेने मान वर करवेना. नळी नीट धुतली नसणार मी. तीन वेळा धुतली होती, पण तरी.

शुक्रवार, १३ मार्च
या वेळी केस काकांनी स्वतः उपटला, नखही कापून घेतलं. तेच वर्ष. काका हसले नाहीत. माझी नाडी बघायला मनगट धरलं, बराच वेळ बोटं फिरवत राहिले, मग एकदम हात मागे घेतला.
अठरा वर्षांपूर्वी मी सहा वर्षांची. मला तो मोठा ताप आला, ते वर्ष. त्यानंतरच शाळा सुटली.

शनिवार, १४ मार्च
आईला फोन केला. ती दचकली नाही. एवढंच विचारलं, कुणाला बोललीस? मग रडत म्हणाली, आम्ही तुला जाऊ दिलं नाही, सोने. तो एक शब्द स्वतःबद्दल बोलू नकोस, लिहू नकोस. तोवर आहेस.

सोमवार, १६ मार्च
काकांनी नोंदवही पुढे सरकवली. कारणाचा रकाना रिकामा. ‘यंत्र सदोष’ लिहिलं तर ते परत जाईल. काकांनी डोळे मिटून सांगितलं, तसंच लिही पोरी, जाऊ दे यंत्र —
आईचा फोन वाजतोय. पुन्हा —
पण यंत्र बरोबर आहे. मला खोटं लिहवत नाही. आधी इथे, कच्चं — हात गार पडलाय — मी सहाव्या वर्षी मे