तक्त्यातला चंद्र

शिरूर,
ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. एलिझाबेथ हीस आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर तुझे पत्र नाही. रागावलेलो नाही, आठवण करून देत आहे.

साराचे अब्राहामशी ठरल्याचे तुला कळवलेच होते. मुलगा लष्करात वायरलेसवर आहे, आसामात तेजपूरला. त्याला वर्षातून एकदाच रजा मिळते आणि तिचा अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा लागतो. म्हणून लग्नाची तारीख आत्ताच हवी. आपल्या घरात ईस्टरआधीच्या उपवासकाळात कोणाचे लग्न झालेले नाही आणि मी असेपर्यंत होणार नाही. तेव्हा ईस्टर झाला की लगेचचा दिवस धरायचा. पण पुढच्या सालचे कॅलेंडर अजून कोणाकडे आलेले नाही. पूर्वी मिशनचे साहेब सांगत. आता बंगल्याला कुलूप आहे आणि पाळकसाहेब नगरहून महिन्यातून एकदा येतात.

तू पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढतेस, तुला हा हिशेब जड नाही. नियम मी तुझ्याकडून चौथीत पाठ करून घेतला होता. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. उलट टपाली कळव.

सिंधूबाईंना सलाम सांग. घरमालकीण एवढी मायाळू मिळाली हे थोडे नाही. माझ्यावरचा लोभ कामाच्या गर्दीत विसरू नको.

तुझा बाप,
बन्यामीन


दौंड,
ता. २४ नोव्हेंबर १९६१

ती. आबांस सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पावले. ईस्टर २५ मार्च १९६२ रोजी आहे.

नवे कॅलेंडर नसले तरी पंचांग चालते, कारण पंचांगाचे वर्ष पाडव्याला बदलते आणि येता मार्च चालू पंचांगातच येतो. सिंधूबाईंचे मागून घेतले. ख्रिस्ती पोरीला पंचांग कशाला म्हणून त्यांनी दोनदा विचारले. ईस्टर काढायचा आहे म्हटल्यावर, आमच्या पंचांगात तुमचा सण बी निघतो व्हय, म्हणून खूश झाल्या आणि वर गुळाचा खडा दिला.

होळीची पौर्णिमा बुधवारी, एकवीस मार्चला, दुपारी पुरी होते. पौर्णिमा म्हणजे चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येण्याचा एक क्षण. ती रात्रभर नसते, म्हणून वेळही पाहिली. एकवीस तारीख नियमात बसते. पुढचा रविवार पंचवीस. लग्न मंगळवार सत्तावीसला धरावे. शंका नको.

साराला वेगळे पत्र लिहीत नाही. हेच वाचून दाखवावे. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली,
एलिझाबेथ


शिरूर,
ता. २७ डिसेंबर १९६१

ती. एलीताईस साराचा सलाम. वि. वि.

ताई, तू पत्र लिहितेस की नकाशाच्या कोपऱ्यातली टीप? माझ्या लग्नाची तारीख तू अशी पाठवलीस जशी एस.टी.ची वेळ.

असो. नाताळच्या उपासनेनंतर आबांनी मंडळीपुढे सत्तावीस मार्च जाहीर केला. पाळकसाहेबांनी तारीख कोणी काढली एवढेच विचारले. मास्तरांच्या लेकीने म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही. आबा इतके ताठ उभे राहिले की कोटाची गुंडी सुटली. दयाबाई, त्याच त्या सगळ्यांच्या घरी बायबल वाचायला जाणाऱ्या, मला म्हणाल्या की धाकटीचं आधी उरकतंय, थोरली काय चंद्राशी लगीन लावती का काय. मी म्हटले, चंद्रालाच परवडायचे नाही.

त्यांची रजा मंजूर झाली. अठरा मार्च ते आठ एप्रिल. जाण्यायेण्याचे दिवस वजा करता शिरूरला ते तेवीस मार्च ते तीन एप्रिल एवढेच असतील. बारा दिवस. मी बोटांवर मोजले, तू तुझ्या पट्टीने मोज. लोभ पट्टीने मोजून देऊ नकोस म्हणजे झाले.

तुझी धाकटी,
सारा


दौंड,
ता. ९ जानेवारी १९६२

चि. सारास आशीर्वाद.

आज कचेरीत सरकारी सुट्ट्यांची यादी लागली. तीत गुड फ्रायडे, आपला उत्तम शुक्रवार, २० एप्रिलला आहे. म्हणजे ईस्टर २२ एप्रिल, आणि सत्तावीस मार्च उपवासकाळाच्या मध्यावर येतो.

छपाईची चूक असेल म्हणून दुसऱ्या कचेरीतली यादी पाहिली. तीच तारीख. मी पंचांग पुन्हा तपासले. पौर्णिमा एकवीसलाच आहे. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. कारण सापडेपर्यंत आबांना सांगू नकोस. आठ दिवस दे.

एलिझाबेथ


शिरूर,
ता. १३ जानेवारी १९६२

ती. एलीताईस सलाम.

आठ दिवस मला देता आले नाहीत. आबांनी पत्र माझ्या हातात पाहिले आणि मला खोटे बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घातली आणि पाणी मागितले. मग म्हणाले की लग्न ईस्टरनंतर होईल. मी म्हटले, ईस्टरनंतर नवरा तेजपूरला असेल. तर म्हणाले, मग पुढच्या वर्षी.

ताई, त्यांची तुकडी आणखी वर डोंगरात जाणार आहे. पुढच्या वर्षी रजा मिळेल का, हे त्यांनाच ठाऊक नाही. तुला कारण शोधायचे आहे. मला कारण नको, लग्न हवे आहे. रात्री झोप लागत नाही, दिवसा काम सुचत नाही. काहीतरी कर. या वेळी लोभाचे नंतर लिहीन.

सारा


दौंड,
ता. २२ जानेवारी १९६२

ती. आबांस सप्रेम सलाम. वि. वि.

कारण सापडले. इथल्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये उपासनेचे जुने इंग्रजी पुस्तक आहे. त्याच्या सुरुवातीला ईस्टर काढण्याचा तक्ता दिला आहे. चर्च ज्याला पौर्णिमा म्हणते ती आभाळातली नाही, तक्त्यातली आहे.

खरा चंद्र एका चालीने चालत नाही. त्याची वाट नेमकी गोल नसल्यामुळे तो पृथ्वीच्या जवळ असताना भरभर जातो, लांब असताना रेंगाळतो. ही चाल दर वर्षी कोणी मोजत बसू नये म्हणून सुमारे चारशे वर्षांपूर्वी एक सरासरी चंद्र ठरवला गेला. तो कागदावर न चुकता चालतो आणि बहुतेक वर्षी खऱ्याच्या जवळपास असतो. यंदा कागदावरचा चंद्र वीस मार्चलाच पुरा होतो. म्हणजे एकवीसच्या एक दिवस आधी, म्हणून तो मोजत नाहीत. पुढचा अठरा एप्रिलला, आणि त्यानंतरचा रविवार बावीस.

सगळा फरक एका दिवसाचा आहे. त्याने सण चार आठवडे पुढे गेला. आभाळाप्रमाणे पाहिले तर माझा पंचवीस मार्च बरोबर आहे. तेव्हा खऱ्या पौर्णिमेनंतर लग्न करण्याला हरकत असू नये, असे मला वाटते. हिशेबात चूक नाही. सोबत आकृती जोडली आहे.

उत्तराची वाट पाहते. लोभात अंतर पडू देऊ नये.

एलिझाबेथ


शिरूर,
ता. २९ जानेवारी १९६२

चि. एलिझाबेथ हीस आशीर्वाद.

आकृती सुबक आहे. समजली.

चूक कोणाची हे मी विचारले नव्हते. तू पान भरून तेच लिहिलेस. साराचे नाव त्या पानावर एकदाही नाही.

ईस्टर आभाळात असता तर ज्याला दुर्बीण परवडते त्याने आधी सण केला असता आणि ढगाखालच्या गावाने नंतर. तक्ता काढला तो सगळ्यांनी एका दिवशी उठावे म्हणून. मी या मंडळीत तेहेतीस वर्षे शिकवले. आता माझ्या घरचा चंद्र निराळा आहे, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? नाताळला तुझे नाव घेऊन मी तारीख सांगितली. परवा बाजारात एकाने विचारले, मास्तर, यंदा ईस्टर कवा हाय, एकदा का दोनदा? लोक हसले. मीही हसलो.

अब्राहामला पत्र लिहायला बसतो आणि शाई वाळते. साराला ताप नाही, पण ती जेवत नाही. तुझी प्रकृती सांभाळ.

आबा


दौंड,
ता. ६ फेब्रुवारी १९६२

ती. आबांस सलाम. वि. वि.

आठ ग्रह मकर राशीत आले आणि गेले. तीन तारखेला संध्याकाळी चंद्र सगळ्यांत शेवटी येऊन आठ पुरे झाले आणि काल तो बाहेर पडला. जग बुडणार म्हणून गावात होम झाले, शाळा ओस होत्या. सिंधूबाईंनी खुटबावच्या भावाला बोलावून घेतले. बुडायचं तर समद्यांनी एका जागी बुडू, म्हणाल्या. मी धुणे वाळत घालत होते, तर जग बुडायला लागलंय आन् तुम्हाला साबण सुचतोय म्हणून मला घरात ओढले. मी त्यांना सांगितले की सगळे ग्रह सूर्याच्या उजेडात लपलेले आहेत, दिसणारसुद्धा नाहीत. त्यांनी विचारले, ताई, तुमचा हिशेब कवा चुकत न्हाई का? मी धुणे तसेच ठेवले. त्यांच्या घरात बसून राहिले. सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ली.

आबा, चूक माझी आहे. नियम मला पाठ होता, पण त्यातली पौर्णिमा कोणती हे मी विचारले नाही. माहीत आहे असे धरले. कचेरीत असे कोणी केले तर मी त्याचा नकाशा परत पाठवते. शिवाय शंका नको असे लिहिले, ते अधिक वाईट. सारा जेवत नाही हे वाचल्यापासून मला रेघ सरळ ओढता येत नाही.

एक गोष्ट फक्त मांडते. उपवासकाळ सुरू होतो तो भस्म बुधवार सात मार्चला आहे. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर शेहेचाळीस येतात. उपवास चाळीस दिवसांचा म्हणतात. मी तीनदा मोजले. वरचे सहा कोणते, ते तुम्हाला ठाऊक असेल. या वेळी मी त्यावरून काही काढत नाही.

हे पत्र मंडळीत दाखवायचे असल्यास दाखवावे. साराला जवळ घ्या. लोभ मागायला संकोच वाटतो.

तुमची,
एलिझाबेथ


शिरूर,
ता. १८ फेब्रुवारी १९६२

चि. एलिझाबेथ हीस आबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

वरचे सहा म्हणजे रविवार. रविवार हा प्रभूच्या उठण्याचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुझी आकृती आली त्या दिवशीच मनात आले होते. पण मी सांगितले असते तर मास्तरांनी लेकीची चूक झाकायला वाट काढली, असे झाले असते. कदाचित ते खरेही असते. म्हणून गप्प बसलो आणि साराला उपाशी ठेवले. तीन आठवडे मी कोणाला राखत होतो हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आज उपासनेनंतर मंडळीच्या पंचांपुढे तुझे पत्र वाचले. साबणाचा भाग गाळला होता, पण साराने तो मागून सांगितला. पंच बराच वेळ बोलले. दोघे नाही म्हणत होते. शेवटी दयाबाई म्हणाल्या, पोरगी चुकली म्हंती, अजून काय तिला झाडाला टांगायची हाय? मग ठरले. लग्न रविवार पंचवीस मार्चला, उपासना झाल्यावर. वाजंत्री नाही, गोडधोड नाही, नुसता चहा. जेवण ईस्टरच्या दिवशी, बावीस एप्रिलला, सगळ्या मंडळीला.

त्या दिवशी जावई इथे नसतील, हे मी बोललो. पंच म्हणाले, जेवण मंडळीचे आहे. साराने मान हलवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या एस.टी.ने ये. न्हावऱ्यावरून येते ती बरी. लोभ मागायला बापाच्या दारात संकोच कसला?

आबा


दौंड,
ता. २४ एप्रिल १९६२

श्री. अब्राहाम यांस एलिझाबेथचा सलाम. वि. वि.

मी तुम्हाला यापूर्वी पत्र लिहिलेले नाही. लग्नात आपण चार वाक्ये बोललो, त्यांतली दोन गाडीच्या वेळेबद्दल होती. सारा रोज लिहिते, पण रविवारचा प्रकार ती पुरा लिहील असे वाटत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या पत्त्यावर आता गावाचे नाव नाही, नुसता लष्करी टपालाचा आकडा आहे. तो बरोबर उतरवला आहे ना, हे दोनदा पाहिले.

पहाटेची उपासना कबरस्तानात झाली. चंद्र पश्चिमेला होता, दोन दिवसांनी झिजलेला. तुमच्याकडे दिवस आधी उगवतो, त्यामुळे तुमच्यापुरता ईस्टर तेव्हा उजाडलेला असणार. दुपारी तुमच्या लग्नाचे जेवण झाले. मटण, भात, गोड पुऱ्या. एकशे बारा माणसे जेवली.

साराने लग्नाचे पातळ नेसले होते. पंगतीत तिच्या शेजारी तुमचे पान वाढले आणि तिथे वाद सुरू झाला. दयाबाईंचे म्हणणे, नवऱ्याची जागा रिकामी ठिवू नये. आबा म्हणाले की शकुन-अपशकुन आपल्यात नसतात, पण जागा रिकामी दिसते हे खरे. कोणीतरी तुमचा फोटो ठेवा म्हणाले. त्यावर सारा इतक्या जोराने नाही म्हणाली की वाढणारे थांबले. फोटो ठेवायला ते गेलेत का, असे तिने विचारले. मग उठून मला हाताला धरून आणले आणि तिथे बसवले. हिच्या हिशेबानं झालंय, हिनंच निस्तरावं, म्हणाली. मंडळी खूप हसली. बाजारात आबांना टोमणा मारणारे गृहस्थही हसले. मी बसले.

तेवढ्यावर सुटका झाली नाही. नवराबायकोने एकमेकांना घास भरवायचा, तो राहिला आहे असे दयाबाईंना आठवले. साराने मला पुरीचा घास भरवला. मी तो खाल्ला. मग मी तिच्यापुढे धरला, तर तिचे तोंड उघडेना. ती रडत होती, आवाज न करता. हात मागे घ्यावा असे वाटले, पण मी तो तसाच धरून ठेवला. सगळी पंगत थांबली होती. किती वेळ, ते मी मोजले नाही. मग तिने तो घेतला.

तेवढ्यावरून तो घास पोहोचला असे धरू नये. तो तुमचा राहिला आहे. येऊन द्यावा. जेव्हा रजा मिळेल तेव्हा. तारीख कोणतीही चालेल.

आबांची प्रकृती ठीक आहे. सारा जेवते आहे. नात्याने जडलेला लोभ पत्राने वाढवावा.

आपली,
एलिझाबेथ