पिप्पिनामावशीच्या हातचा घास

पालेर्मो, २४ मार्च
रविवार, दुपार

प्रिय आस्पानू,

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. लोकरीचे मोजे आणि एक स्वेटर कालच पाठवलाय. मागच्या खेपेला टोपीचा स्वेटर तुमच्या फाटकावरूनच परत आला, म्हणून या वेळी बिनटोपीचा घेतला. रंग तुला आवडणार नाही, पण ऊब आहे. तिकडे उत्तरेत अजून थंडी असेल.

इथे बाजारात आर्टिचोक उतरलेत. चौकात मोठमोठ्या पातेल्यांतून उकडत असतात, सकाळी खिडकी उघडली की आधी त्यांची वाफ घरात येते. सान जुझेप्पेच्या सणाची होळी यंदाही झाली. पोरांनी मोडकी कपाटं, दारं, फळ्या गोळा करून रचली, पोलिसांनी अर्धी उचलून नेली, पोरांनी पुन्हा रचली. मी बघायला गेले नाही.

तू दर पत्रात विचारतोस, पप्पा कसे आहेत. आणि मी दर वेळी ‘बरे आहेत’ लिहून पुढच्या ओळीवर जाते. या वेळी मला तसं लिहिता येत नाही. पण एकदम सांगायलाही जमत नाही, म्हणून जरा आधीपासून सांगते.

हिवाळा सुरू झाला तेव्हा त्यांचा घास अडकायला लागला. आधी पाव, मग भात, मग सूपसुद्धा. अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली आणि सांगितलं, तोंडाने पाण्याच्या घोटाशिवाय काही द्यायचं नाही. मी तुला कळवलं नाही. तू तिथे बसून काय करणार होतास? आणि पप्पांचीच ताकीद होती, घराबाहेर कुणाला सांगायचं नाही. त्यांना कुणाची कीव नको होती.

रोज सकाळी मी त्या नळीतून पांढरं पातळ अन्न सोडायची आणि ते खिडकीबाहेर बघत बसायचे. उभं आयुष्य ज्याने गाडीवर वासराच्या तिल्लीचा पाव विकला, चरबीच्या कढईवर वाकून ज्याचे केसही त्या वासाचे झाले होते, त्या माणसाला अन्नाची चव उरली नव्हती. तसा गाडी बंद केल्यापासूनच त्यांचा खाण्यातला जीव गेला होता. गाडी का बंद झाली ते तुला मी सांगायला नको. ज्या सुरीने ते तिल्लीचे काप करायचे तीच तू उचललीस, आणि पिप्पिनामावशीचा मुलगा सांतो चौकात मरून पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कढई देऊन टाकली. तुझं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. मी काढलं तर ते उठून बाल्कनीत जायचे.

सान जुझेप्पेच्या आधीच्या शनिवारी ते सकाळीच म्हणाले, ‘‘निन्फा, कोट दे. बाजारात जायचंय.’’

‘‘काय हवंय? मी आणते.’’

‘‘आणायचं नाही. खायचंय.’’

मला वाटलं औषधाने डोकं फिरलं.

‘‘तू खायचंस,’’ ते म्हणाले. ‘‘मी वास घेणार. चल.’’

दाढी करून, टोपी घालून ते निघाले. माझ्या हाताला धरलं नाही. बाल्लारोच्या बाजारात शनिवारची गर्दी होती. छत्री उंच धरलेला एक वाटाड्या परदेशी लोकांचा कळप घेऊन आमच्यापुढे चालला होता.

आधी तोतुच्चोकडे. त्याने नेहमीसारखा न बघता टोपलीवरच्या फडक्याखाली हात घातला आणि कागदावर मूठभर फ्रित्तोला, चरबी-कूर्चेचे ते तळलेले तुकडे, ठेवला. ‘‘वान्नीकाका! कुठे गायब होतात? आता सगळं हे परदेशीच खातात बघा. आपली माणसं पालापाचोळा खायला लागलीत.’’

पप्पांनी कागद नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ धरला. चरबी, तमालपत्र, मिरी. मग माझ्या हातात दिला. ‘‘खा. आणि सांग.’’

‘‘छान आहे.’’

‘‘छान काय छान? पाहुणी आलीयस का? नीट सांग.’’

मग मी चावत चावत सांगत राहिले. कुठे कुरकुरीत लागलं, कुठे कूर्चा दातात आली, कुठे चरबी विरघळली. माझ्या तोंडाकडे बघत तेही जबडा हलवत होते. मला रडू येत होतं, आणि तोंड भरलेलं होतं.

मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘तोतुच्चो, पुढच्या वर्षी तुला हाताखाली माणूस लागेल का?’’

‘‘लागेल की. कोण आहे?’’

‘‘आस्पानू.’’

माझा घास तोंडातच राहिला. तुझं नाव, आणि पप्पांच्या तोंडून. तेव्हा कळलं, आम्ही खायला आलो नव्हतो. तू सुटशील त्या दिवसाची सोय बघायला ते बाहेर पडले होते. आणि दारोदार हात पसरायला जातोय असं दिसू नये म्हणून खाण्याचं निमित्त.

तोतुच्चोने हात पुसले. टोपलीतल्या फडक्याची घडी उगाचच नीट केली. ‘‘काका, टोपली एवढीशी. दोन हात मावायचे नाहीत हो तिच्यात.’’

‘‘बरं,’’ पप्पा म्हणाले. लिंबू चांगलं होतं असंही म्हणाले.

तिथून मासीनोकडे. तो कांद्याच्या पातीला आतडी गुंडाळून निखाऱ्यावर भाजत होता, धुरात त्याचं तोंडही दिसत नव्हतं. पप्पा त्या धुरात जाऊन उभे राहिले. मी खाल्लं, सांगितलं. मग त्यांनी तेच विचारलं.

मासीनोचं तुला माहीत आहे, पोटात एक ओठात एक असं नाही. चिमटा खाली ठेवून तो म्हणाला, ‘‘वान्नीकाका, तुमच्यासाठी मागाल ते देईन. पण त्याच्या हातात मी सुरी कशी देऊ? आणि सुरीवाचून आमच्या धंद्यात काम कुठलं?’’

पप्पा धुरातून बाहेर आले.

‘‘मी नाही म्हटलं, उद्या दुसराही नाहीच म्हणेल,’’ मासीनो हळू आवाजात म्हणाला. ‘‘पिप्पिनामावशी रोज त्या कोपऱ्यावर उभी असते. तिच्या डोळ्यांदेखत त्याला गल्लीत कोण उभं करणार? तिने हो म्हटलं तर गोष्ट वेगळी.’’

‘‘मग आधी तिच्याकडेच जायला हवं होतं मी,’’ पप्पा म्हणाले.

मी त्यांची बाही धरली. नको पप्पा, घरी जाऊ, तुम्ही थकलात. सगळं बोलून पाहिलं. सांतो गेल्यापासून आपल्यापैकी कुणी त्या कोपऱ्यावर पाऊल ठेवलेलं नाही. भाजी आणायलाही मी लांबचा वळसा घेते. पण ते चालायला लागले होते.

ती हरभऱ्याच्या पिठाचे पनेल्ले तळत होती. कढईच्या वर भिंतीवर सांतोचा फोटो आहे, खाली छोटा दिवा. तेलाच्या वाफेने काच पिवळी पडलीय. तिने आम्हाला येताना पाहिलं, पण झारा थांबवला नाही. पप्पांनी टोपी काढली.

‘‘केवढे वाळलात, वान्नीभाऊ,’’ ती म्हणाली.

‘‘वय झालं.’’

तिला आजाराचं ठाऊक नव्हतं. बाजारात कुणाला ठाऊक असतं तरी तिला कुणी सांगितलं असतं? तिच्यापुढे आपल्या घराचा विषय कुणी काढत नाही.

‘‘पिप्पिना, एक विचारायला आलोय. माझा मुलगा सुटेल तेव्हा...’’

‘‘आधी खा.’’

‘‘पिप्पिना...’’

‘‘आधी खा म्हटलं ना! इतकी वर्षं झाली. मी रोज बघायची, आज तरी येतील. तुमच्या घरचं कुणी माझ्या दारात आलं नाही. मी काय विष कालवते?’’

तिने पाव कापला, गरम पनेल्ले भरले, मीठ घातलं, लिंबू पिळलं, आणि दोन्ही हातांनी पुढे केला. मी बोलायला तोंड उघडलं, ‘‘मावशी, पप्पांना...’’ तेवढ्यात पप्पांचा बूट माझ्या पायावर आला. चांगला जोरात.

त्यांनी पाव घेतला. घास तोडला. चावला, चावला, किती वेळ चावला. मग गिळला. गळ्याची शीर वर आली, डोळ्यांत पाणी आलं.

‘‘गरम आहे,’’ ते म्हणाले.

‘‘गरमच खायचे असतात.’’

त्यांनी दुसरा घास घेतला. ती बघत होती, म्हणून ते खात होते. तिच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. तिच्या डोळ्यांतून टिपं गळत होती आणि तरी जेवायला बसलेल्या लेकराकडे बघावं तशी ती बघत होती. मी ओरडायला हवं होतं का? तू सांग. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग ती म्हणाली, ‘‘काय विचारायला आलात ते मला कळलं. तो जगू दे. मी त्याला शाप देत नाही, आधी दिला होता, आता देत नाही. पण या गल्लीत नको, वान्नीभाऊ. समोर असेल ते माझे डोळे बघणारच. त्याला माझ्या डोळ्यांसमोर आणू नका.’’

‘‘बरोबर आहे तुझं,’’ पप्पा म्हणाले. उरलेला पाव कागदात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला. टोपी घातली. ‘‘चांगला झालाय.’’

कोपरा वळेपर्यंत ते ताठ चालले. वळल्यावर मासळीवाल्याच्या खोक्यांना धरून खाली बसले.

घास खाली गेलाच नव्हता. अडकला होता, आणि थोडा फुप्फुसात उतरला होता. दवाखान्यात नेईपर्यंत ओठ निळे पडले. तिथे डॉक्टरांनी तो काढला, पण फुप्फुसं भरली. मधे दोन दिवस त्यांना शुद्ध होती. सान जुझेप्पेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पा गेले.

आता लिहिलं एकदाचं.

शुक्रवारी कार्मिनेच्या चर्चमध्ये विधी झाला. आईच्या शेजारी त्यांना ठेवलं.

तू म्हणशील, मला का कळवलं नाही. तुरुंगात फोन केला असता तर तुला सोडलं असतं, निदान तेवढ्या दिवसापुरतं. हो, सोडलं असतं. मी विचारून ठेवलं होतं. दोन पोलीस आणि बेड्या. पप्पांनी दवाखान्यात माझा हात ओढून तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि सांगितलं, ‘‘त्याला बोलवू नकोस. माझी पेटी तिच्याच दारावरून जाईल. तिने एवढंच मागितलंय.’’

नंतर म्हणाले, ‘‘मी त्याच्यासाठी फिरलो, हे सांग त्याला.’’

ते मी सांगितलं. पण तुला न बोलावण्याचा निर्णय माझा आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर तो ढकलणार नाही. रिसीव्हर माझ्या हातात होता आणि मी तो ठेवला. राग धरायचा तर माझ्यावर धर. तुला बापाच्या पेटीला खांदा द्यायचा हक्क होता आणि तो मी घेतला.

पेटी तिच्या दारावरून गेली तेव्हा तिची कढई बंद होती. शटर अर्धं ओढलेलं. चर्चमध्ये ती आली नाही, दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. लोक पांगल्यावर तिने माझं मनगट धरलं.

‘‘निन्फा, खरं सांग. बाजारात काहीतरी बोलतायत. माझ्या त्या घासाने झालं का?’’

‘‘कोण बोलतंय?’’

‘‘ते सोड. तू सांग. मी एक पोर पुरलंय. मला आणखी कुणाचं ओझं नको.’’

आस्पानू, मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ‘‘नाही मावशी. त्यांचं हृदय थांबलं. कधीचं दुखणं होतं. उलट तुमच्याकडचं खाऊन त्यांना बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत त्यांनी चवीने काही खाल्लं नव्हतं.’’

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. माझं डोकं ओढून खांद्यावर घेतलं. तिच्या काळ्या शालीला तेलाचा वास होता.

आपल्या घरात चूल पेटवायची नव्हती. पहिलं जेवण शेजारच्यांनी पाठवायचं, त्याआधीच तिचं पातेलं आलं. डाळीचं सूप आणि वर झाकणावर पाव. ते मी सगळं खाल्लं. एकटी बसून, पप्पांच्या खुर्चीत.

डॉक्टरला मी सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर काय सांगायचं. मासळीवाला तोंड उघडणार नाही, तो पप्पांचा माणूस. म्हणजे आता पूर्ण गोष्ट जाणणारे तू आणि मी. मला ती एकटीला पेलत नाही म्हणून तुला सांगतेय, आणि सांगताना हेही सांगते, तू ती कुणालाही कधीही सांगायची नाहीस. रागात नाही, कबुलीत नाही, पाद्र्यापाशीसुद्धा नाही. तिच्या वाट्याला तू दिलंस तेवढं पुरे आहे.

सुटलास की इकडे येऊ नकोस. इकडच्या बोटीत बसू नकोस. तिकडेच कुठे खोली बघू. मी घर बंद करून येईन. ज्या गावात तिल्लीचा पाव कुणी ऐकलेला नसेल अशा गावी काहीही काम करू. मी येईन, हा शब्द देते. एकटा पडणार नाहीस.

खाली मी लिहिणार होते, माझा तुझ्यावर राग नाही. तीन वेळा पेन टेकवलं. या आठवड्यात मी एक खोटं बोलले आणि ते तिच्यासाठी बोलले. तुझ्याशी बोलायला दुसरं खोटं उरलेलं नाही.

जेवत जा.

तुझी बहीण,
निन्फा