चादरीखालचं वरण

२ मार्च १९८७
पावर हाउसच्या बाजारातून सोलर कुकर आणला. अर्धी किंमत सरकार भरणार. का? मी काय सरकारचा जावई? नक्की काहीतरी डाव आहे. म्हणूनच अख्ख्या सेक्टरात पहिला मी घेतला. डाव आतून कळलेला बरा.

३ मार्च, सकाळी ९
पेटी गच्चीवर. आत काळे डबे, वर काच, आरसा. शेजारचे मारोतराव दोनदा डोकावून गेले. टेक्निक चोरणार! पेटीवर जाड चादर बांधली.
दुपारी जेवायला आलो तर डाळ लोण्यासारखी शिजलेली. कमलिनीला म्हटलं, पाहिलंस? म्हणाली, "पायलं ना. सूर्यबी तुमाले भेते." बायकांना सायन्स कळत नाही.

१२ मार्च
आमचा स्वयंपाकाचा हीटर मारोतरावांना देऊन टाकला. कंपनीच्या क्वार्टरात हीटरला मनाई आहे, तरी वीज जवळपास फुकट म्हणून सगळेच लावतात. मी यापुढे नियमाने वागणार. कमलिनीचा चेहरा उतरला. का?

१८ मार्च
दिवसभर ढग. वरण वेळेवर तयार! सोलर ऑफिसला पत्र टाकलं: कुकर ढगात चालतो, चादरीखालीही चालतो.

२४ मार्च
उत्तर आलं. साहेब रविवारी स्वतः पाहायला येणार! वीस वर्षं क्लार्की केली, माझ्या दारात साहेब कधी आला नव्हता. रात्री झोप लागली नाही.

२६ मार्च
मारोतराव म्हणाले, तुमच्या मिसेस रोज दहा वाजता आमच्याकडे येतात. मी ड्युटीवर असताना? टेक्निक घरातूनच फुटतंय. उद्या सी.एल. टाकून घरीच.

२७ मार्च
दबक्या पावलांनी कमलिनीच्या मागे गेलो. मारोतरावांच्या स्वयंपाकघरात माझाच हीटर. त्यावर माझाच काळा डबा. वरण रटरटत होतं.
कमलिनी म्हणाली, "पेटीत डाळ कच्चीच राहे. पयले आपल्या हीटरवर शिजवत होती. तो तुमी देऊन टाकला, तं इथं येऊन राहिली. तुमचं तोंड इतकं खुललं होतं, सांगू कशी?"
म्हणजे सरकारने फसवलंच. मी म्हणतच होतो.

२९ मार्च, रविवार
साहेब आले. पहिला प्रश्न, "ये चादर काहे को?" स्वतःच्या हातांनी काढली, डाळ ठेवली. अडीच तासांत शिजली. त्यांनी वहीत लिहिलं ते मी वाकून वाचलं: यंत्र ठीक. चादर काढावी.
ते गेल्यावर कमलिनीला विचारलं, तुला माहीत होतं?
"होतं ना. पन चादर काढा म्हटलं असतं, तं तुमी माह्यावरच शक केला असता."
छे, म्हटलं, तुझ्यावर कधी?
आता २६ तारखेचं पान समोर आहे. तिला वाचता येतं. फाडावं म्हणतो.