साध्या पिंपातला चुना

२ फेब्रुवारी
धाकटीने आज मला कामाला लावलं. डेअरीच्या सांडपाण्याच्या शेडमध्ये दोन बंद पिंपं. दोन्हींत तेच पाणी, तोच गाळ. एकात फक्त कोळशाची भुकटी जास्त. रोज सकाळी जाऊन नळीतून येणारे गॅसचे बुडबुडे मोजायचे. "बाबा, एकतीस वर्षं त्या टाकीपाशी काढलीत. तुमच्याइतकं चिकाटीने कोण मोजणार?" लोणी लावण्यात आईवर गेली आहे.

४ फेब्रुवारी
कोळसा कशाला, विचारलं. म्हणाली, गाळातल्या जंतूंना कणाकणावर घर मिळतं, एकमेकांना हात देता येतो. पाणी आंबायच्या आत त्याचा गॅस करून टाकतात. मोठी टाकी दर दोन महिन्यांनी आंबते, तिच्यासाठी हा खटाटोप. आमच्या वेळी एकच औषध — चुना.

६ फेब्रुवारी
कोळशाचं पिंप भुजंगप्रयातात चाललंय. लगागा, लगागा — एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मास्तर टेबलावर छडीने ताल धरून वृत्तं शिकवायचे. माझी जागा खिडकीजवळ. बाहेर बघत असलो तरी चाल चुकायची नाही.
साधं पिंप मात्र अडखळतं.

८ फेब्रुवारी
मिनिटाला ३४ आणि ९. साध्या पिंपाला आंबट वास. नोंद केली, घरी आलो. दुपारी छान झोप लागली.

११ फेब्रुवारी
जेवताना धाकटी म्हणाली, फरक असाच टिकला तर साहेब मोठ्या टाकीत कोळसा घालायला मंजुरी देणार. आणि तिला पाठवणार दुसऱ्या कारखान्यात, हेच काम उभं करायला. दोन वर्षं. बोटीचा प्रवास. "सहा वर्षं याच्यासाठी घासतेय, बाबा."
छान, म्हटलं. पाणी प्यायलो.

१२ फेब्रुवारी
साधं पिंप अगदीच मलूल. नऊ. वर्गात कविता म्हणायला उभं केलेलं पोर मधेच गप्प होतं ना, तसं. बघवेना. कोपऱ्यात चुन्याची जुनी गोणी होती — ओंजळभर कालवला आणि वरच्या तोंडातून सोडला. दया आली, इतकंच.

१५ फेब्रुवारी
३३ आणि ३१. आजही थोडा चुना.

१८ फेब्रुवारी
धाकटी तक्ता घेऊन बसलेली. साहेब तिला म्हणाले म्हणे, "बाई, दोन्ही सारखीच की. पुरे झालं कोळशाचं कौतुक." शुक्रवारी शेवटचा निर्णय. तिने सगळी उपकरणं तीनदा तपासली. माझ्या आकड्यांवर एकदाही शंका घेतली नाही.

२० फेब्रुवारी
सांगून टाकलं.
तिने तक्ता उलटा करून ठेवला. मग — "ते पिंप आंबायलाच ठेवलं होतं, बाबा. ते आंबलं नाही तर कोळशाने काय केलं, कळणार कसं?" दारात चप्पल घालताना मान वर न करता म्हणाली, "मी जाऊ नये म्हणून केलंत?"
छे, म्हटलं. दया आली.
ती साहेबांना खरं सांगायला गेली.

२१ फेब्रुवारी
दहा दिवस वाढवून मिळाले. मोजायला दुसरा माणूस.

३ मार्च
चुन्यावाचून साधं पिंप बंद पडलं. कोळशाचं चालूच. मंजुरी आली. धाकटी रविवारच्या बोटीने निघणार.

४ मार्च
वही मागे चाळली. आठ तारखेलाही साधं पिंप नऊवरच होतं. वासही तोच. आणि मला छान झोप लागली होती.