आतला डबा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हवामानाचं यंत्र काल कुरिअरने पाठवलं. मिळालं की कळव. रोज फोनवर आईने तिकडची हवा कशी आहे म्हणून मला विचारायचं, मी इकडची सांगायची, आणि मागून तू तेच ते काय विचारतेस म्हणून वैतागायचं, हे यापुढे थांबेल. दोन्हीकडची हवा तिला यंत्राच्या पडद्यावर दिसेल, आणि तुमच्याकडची तुझ्या-माझ्या फोनवर.

तीन यंत्रं पाहिली. सगळ्यात स्वस्त होतं ते आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. दीड अंश जास्त दाखवत होतं, आणि चूकही रोज निराळी. ठरलेली चूक वजा करता येते, लहरी चुकीचं काही करता येत नाही. महागड्याला वारा मोजायची फिरकी होती. पण आपल्या गच्चीला शेजारच्यांची भिंत लागून आहे, तिथे वारा म्हणजे भिंतीवरून उलटलेला झोत. म्हणून मधलं घेतलं.

त्याचे दोन भाग आहेत. बाहेरचा सेन्सर पांढऱ्या झडपांच्या टोपीत बसवलेला आहे. तो गच्चीवर खांबाला, छातीच्या उंचीवर लाव. पाण्याच्या टाकीपासून आणि बाबांच्या सुतारकामाच्या पत्र्याच्या खोलीपासून लांब. पत्रा तापला की आजूबाजूची हवा खोटी होते. दुसरा आतला डबा. तो मधल्या खोलीत आईच्या उशाशी ठेव. त्यावर हिरवा दिवा आहे, तो चालू असेपर्यंत काही करावं लागत नाही.

महत्त्वाचं असेल ते पत्राने कळवायचं, हा आईचा नियम आपण पाळतो आहोत हे बरं आहे. फोनवर आपण भांडतो, आणि तिला धड ऐकूही येत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा.
तुझी बहीण

१७ मार्च

चि. पारास,
अनेक आशीर्वाद.

तुला हे नाव आवडत नाही हे माहीत आहे, पण थंड, चकचकीत आणि हातात न येणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणू? यंत्र मिळालं. सोबतचं तुझं सूचनापत्र वाचून तुझी वहिनी म्हणाली की माहेरहून पाठवणी करतानाही मला एवढ्या सूचना नव्हत्या.

खांब ठोकला, टोपी लावली, छातीची उंची माझ्या छातीने मोजली, चालेल ना? आतला डबा आईच्या उशाशी आहे. ती त्याच्याकडे टीव्हीसारखी बघत बसते. घरात सध्या जरा आवराआवर चालू आहे. तुझ्या भाच्याची मे महिन्यात प्रवेश परीक्षा आहे, त्याला टेबल टाकायला जागा हवी होती, ती केली. आई मजेत आहे, तिची तक्रार म्हणून नाही. गुडघे दुखतात, ते कधी दुखत नव्हते?

तू कधी येतेस? की यंत्रावरच भागवायचं?

तुझा,
दादा

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यंत्र चालू होऊन आता पुरेसे आकडे जमले आहेत. बाहेरचा सेन्सर उत्तम बसला आहे. आतल्या डब्याबद्दल लिहायचं आहे.

दुपारी तो बाहेरच्यापेक्षा सहा-सात अंश जास्त दाखवतो. काल एक्केचाळीसच्या वर गेला. सूर्य मावळला की तासाभरात झपाट्याने उतरतो. मधल्या खोलीवर स्लॅब आहे. स्लॅब उशिरा तापतो आणि रात्रभर ऊन परत देत राहतो. तिथला आलेख असा उंच चढून धपकन पडणार नाही. असा आलेख पत्र्याखाली येतो.

तेव्हा डब्याची जागा चुकलेली दिसते. तो खाली मधल्या खोलीत, पंख्याच्या हवेत हलवावा. एवढ्या उष्णतेत राहण्यासाठी तो बनवलेला नाही, बिघडेल. हे लवकर व्हावं, कारण पुढचा महिना याहून वाईट आहे.

मी यातून दुसरा काही अर्थ काढत नाही. जागेबद्दल लिहिते आहे, ते तू समजून घेशीलच.

लोभ असावा.
तुझी बहीण

८ एप्रिल

चि. पारास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डबा हलवला. आता मधल्या खोलीत, टेबलाच्या वरच्या फळीवर, पंख्याच्या ऐन वाऱ्यात आहे. आज भर दुपारी एकोणतीस! झालं समाधान? तुझी वहिनी म्हणते, ही बाई घरात नसून घरभर असते.

एवढ्या लांबून खोलीचं छप्पर ओळखतेस म्हणजे कमाल आहे. पोलिसात जायला हवं होतंस. पण एक सांगतो, राग मानू नकोस. लांब राहून आकडे वाचणं सोपं असतं. घरात चार माणसं आणि तीन खोल्या असल्या की कुणीतरी कुठेतरी सरकतंच.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा,
दादा

१७ एप्रिल

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. भांडीवालीकडे हे पत्र देणार आहे, ती टाकेल पेटीत. तुझ्या दादाच्या फोनवर बोलायचं म्हणजे सगळं घर ऐकतं, आणि मलाच तेवढं ऐकू येत नाही.

मी हल्ली वरच्या खोलीत असते, तुझ्या बाबांच्या. दादाने लिहिलं असेलच. पोराची परीक्षा संपेपर्यंतच. त्यांची करवत, रंधा सगळं अजून भिंतीला टांगलेलं आहे, सोबत वाटते. जेवण वर येतं. गुडघ्यांमुळे मीच जिना उतरत नाही, उगाच कुणाला हात धरायला लावायचा. दुपारी जरा तापतं, तेव्हा चादर ओली करून अंगावर घेते. टाकी जवळ आहे, पण दुपारी तिचं पाणीही चहासारखं असतं.

तुझा डबा मात्र दादा खाली घेऊन गेला. तू लिहिलं होतंस म्हणाला, इथे उन्हाने खराब होईल म्हणून. बरं केलंस, महागाची वस्तू. मला मेलीला सुचलंच नाही, मी आपली त्याला भिंतीला टेकवून बसले होते. पण हिरवा दिवा होता तोवर बरं वाटायचं. तू बघते आहेस असं वाटून मी सकाळी त्याच्यासमोर केस नीट करायचे. हसशील.

दादाला काही बोलू नकोस. तो वाईट नाही, त्याला घर चालवायचं आहे. तू जेवत जा वेळेवर. मागच्या फोटोत गालफडं वर आलेली दिसली.

तुझी,
आई

२३ एप्रिल

चि. पारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर घाईत सांगितलं, म्हणून नीट लिहितो. आईला दुपारी चक्कर आली आणि शुद्ध गेली. तुझी वहिनी चहा द्यायला गेली म्हणून कळलं. लगेच दवाखान्यात हलवलं. आता शुद्धीवर आहे, थोडं असंबद्ध बोलते.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या विचारलं की पेशंट कुठे उन्हात, कोंडलेल्या जागेत होत्या का. सगळ्या नातेवाइकांसमोर, अशा सुरात, की जणू आम्ही तिला भट्टीत ठेवली होती. तेव्हा तुझं यंत्र कामी आलं बघ. मी फोन काढला आणि आतल्या डब्याचा आलेख त्यांच्यापुढे धरला. गेले दोन आठवडे तीसच्या वर गेलेला नाही. त्यांनी विचारलं कुणी बसवलं, तेव्हा मी अभिमानाने सांगितलं की बहीण याच कामात आहे. मग बाई निवळल्या, ऊन बाजूला ठेवलं, आणि आता मेंदूच्या तपासण्या चालू आहेत. मामाही म्हणाले की पोरीने चांगली वस्तू दिली.

तेव्हा तुझे आभार. रजा मिळत नसेल तर यायची घाई करू नकोस.

तुझा,
दादा

४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आणि तुझं पत्र मला एकाच दिवशी मिळाली होती, ती वाचूनच मी तिकडे यायला निघाले. दवाखान्यात हे मी तुला सांगितलं नाही. तुझ्याशी बोलायचं नव्हतं, डॉक्टरीणबाईंशी बोलायचं होतं. मी त्यांना सांगितलं की आलेख खरा आहे, पण तो आईच्या खोलीचा नाही. त्यांनी आईलाच विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, दारात उभ्या असलेल्या तुझ्याकडे पाहिलं, आणि सांगितलं की मी मधल्या खोलीत असते, पंख्याखाली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की लांब राहणाऱ्या मुलींना असं वाटतं कधी कधी. यंत्र माझं, जागा मी सुचवलेली, साक्षीला आई.

मी तुला डबा हलवायला सांगितलं होतं. आईला हलव असं लिहायला मला संकोच वाटला, आणि तुला ते वाचायचं नव्हतं. तू मी लिहिलं तेवढंच केलंस. यात तुझी चूक काढता येत नाही, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

घरी आणल्यावर तू म्हणालास की परीक्षा आता आलीच, टेबल हलवलं तर पोराचं लक्ष उडेल. आई आपणहून जिन्याकडे निघाली. मी तिला माझ्याकडे चल म्हणून दोन दिवस विनवलं. ती नाही म्हणाली. मुलगा असताना मुलीकडे गेले तर लोक दादाला नावं ठेवतील, म्हणाली.

लोकांची तिला एवढी काळजी आहे, तर मी लोकांचीच सोय केली आहे. निघायच्या दिवशी सकाळी तू कामावर गेल्यावर आतला डबा वर नेला आणि बाबांच्या रंध्याच्या खुंटीला पक्का बसवला. त्यावर 'आईची खोली' असं नाव घातलं. त्याचा आकडा आता फक्त तुझ्या-माझ्या फोनवर दिसत नाही. मामांच्या, दोन्ही आत्यांच्या आणि वहिनींच्या वडिलांच्या फोनवरही दिसतो. मामांना मी फक्त यंत्राचा वापर समजावला, बाकी काही सांगितलं नाही. काल दुपारी बेचाळीस होतं. मोठ्या आत्याने मला फोन करून विचारलं की यंत्र बिघडलं आहे का. मी म्हटलं, या खेपेला तपासून बसवलं आहे, दादाला विचारा. तिचा फोन आला असेलच.

डबा पुन्हा खाली नेलास तर आलेख एकदम कोसळेल, आणि तो कोसळलेला सगळ्यांना एकाच वेळी दिसेल. बंद केलास तर बंद झाल्याची सूचना सगळ्यांना जाते. तेव्हा त्याला हात लावू नकोस. त्या खोलीतून हलवण्यासारखं दुसरं काय आहे ते तुला माहीत आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. दिवा परत आला म्हणून ती खूश आहे. निघताना पाहिलं तर त्याच्यासमोर बसून केस विंचरत होती.

इतक्या वर्षांत होता तेवढा लोभ होता. वाढवायचा की नाही, ते आकडा उतरल्यावर पाहू.

पारा